जीव्हजची भुवई

'जीव्हज अँड वूस्टर' ही इंग्रजी टीव्ही मालिका मी फार उशिरा पाहिली, आणि तीही घाबरत घाबरत. ती ज्यांवर बेतली त्या पी. जी. वुडहाउस या इंग्रजी विनोदी लेखकाच्या पुस्तकांची पारायणं केलेली. बर्टी वूस्टर हा त्यातला श्रीमंत, भाबडा तरुण, आणि जीव्हज त्याचा हुशार नोकर. या गोष्टींतली खरी मजा काय घडतं त्यात नसून बर्टी ते कसं सांगतो त्यात आहे, हे मनात पक्कं बसलेलं. पडद्यावर बर्टीचं निवेदनच नसेल तर उरणार काय? मोडलेले साखरपुडे आणि चांदीच्या दूधपात्राची चोरी!

पहिला भाग लावला तेव्हा आई शेजारी येऊन बसली. आईला इंग्रजी येत नाही. रात्रीच्या दंग्यानंतर बर्टी डोकं धरून पडलाय, एजन्सीने पाठवलेला नवा नोकर, म्हणजे जीव्हज, दारात उभा राहतो, आत येतो आणि काही न विचारता ग्लासात एक काढा करून आणतो. बर्टी तो घशात ओततो. बर्टी झालेल्या ह्यू लॉरीचा चेहरा आधी थिजतो, मग आतून कुणीतरी सुरुंग लावल्यासारखा होतो, आणि मग डोळ्यांत हळूहळू उजाडतं. पुस्तकात हे सगळं बर्टी स्वतः सांगतो. इथे एक शब्द नाही. आई खळखळून हसली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "तू गप्प बस जरा. मला दिसतंय."

मग आम्ही सगळे 23 भाग एकत्र पाहिले. ग्रॅनडा टेलिव्हिजनने 1990 ते 1993 या काळात चार पर्वांत केलेली ही मालिका. सगळं पटकथालेखन क्लाइव्ह एक्स्टनचं. सुरुवातीला जीव्हज झालेला स्टीफन फ्राय जेमतेम 32 वर्षांचा होता, लॉरी 30. माझ्या डोक्यातला जीव्हज बराच पोक्त होता. पण मालकाचा पोशाख पसंत नसला की फ्राय नुसता थांबतो. भुवई केसभर वर जाते, "व्हेरी गुड, सर" येतं, आणि त्या कपड्यांचं भवितव्य ठरलेलं असतं. आई त्या भुवईची वाट बघायला लागली. "बघ आता, नाही आवडलं त्याला."

मला काही ठिकाणी सांगावं लागलंच. इंग्रजीत आंट म्हटलं की काम भागतं, आईला मात्र नातं नेमकं हवं. अगाथा आणि डालिया दोघी बर्टीच्या आत्या. अगाथाआत्या म्हणजे धाक, डालियाआत्या म्हणजे दणदणीत आवाज आणि माया. या डालियाआत्याचं काम चार वेगवेगळ्या अभिनेत्रींनी केलंय, हे मला आजही खटकतं. एखाद्या माणसावर जीव जडावा आणि पुढच्या पर्वात त्याचा चेहराच बदलावा! आई दर वेळी विचारायची, "ही कोण आता?" "तीच गं."

आणि स्पोड. काळ्या हाफ पँटी घातलेली टोळी जमवणारा, हुकूमशहा होऊ बघणारा दांडगा माणूस. मूळ पुस्तक 1938 चं, तेव्हा इंग्लंडमध्ये ऑस्वल्ड मोझलीचे फॅसिस्ट काळे शर्ट घालून फिरलेले सगळ्यांनी पाहिले होते. अशा माणसाला गार करायला जीव्हज एकच शब्द पुरवतो: यूलली. ते बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानाचं नाव, आणि ते कपडे स्पोड गुपचूप स्वतः डिझाइन करतो. तो शब्द कानावर पडताच स्पोडचा एवढा मोठा देह जागच्या जागी सैल पडतो. हे मात्र आईला समजावून सांगितलं, आणि तिने तेवढा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघितला.

आता ती अधूनमधून फक्त पियानोचा तुकडा लावायला सांगते. लॉरी खरोखर स्वतः वाजवतो. बर्टी 'मिनी द मूचर' हे गाणं रंगून म्हणतोय, जीव्हजने मागून साथ द्यायची आहे, आणि तो ताठ उभा राहून प्रत्येक "हाय-डी-हाय"च्या शेवटी न चुकता "सर" जोडतो. आई ते "सर" त्याच्याबरोबर म्हणते, अगदी ठेक्यात.