दाढ, कडक भाकरी आणि सीआरपी

स्टेंट बसवून आठ महिने झाले होते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६२ वर आलेलं, त्यामुळे मी जरा ऐटीतच होतो. फॉलोअपला डॉक्टर म्हणाले, "एकदा एचएस-सीआरपी करून आणा. आता रक्तवाहिन्यांतली सूज बघू." सूज म्हटल्यावर मी पायाकडे बघितलं. ते हसले. धमनीत चरबीचा थर साचतो तिथं पांढऱ्या पेशींची धुमश्चक्री चालते; त्याची वर्दी लिव्हरला लागली की ते सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतं, म्हणाले.

चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं असूनही लॅबवाल्यानं साधं सीआरपी केलं. रिपोर्ट : ६ पेक्षा कमी, निगेटिव्ह. कारखान्यात पेढे वाटायचेच बाकी होते. डॉक्टरांनी कागद परत सरकवला. हृदयाचा हिशेब लिटरमागे १ आणि ३ मिलिग्रॅमच्या आसपास चालतो : १ च्या खाली बरं, ३ च्या वर जोखीम जास्त. 'सहाच्या खाली' यातून काय कळणार? चादरीचं वजन ट्रकच्या काट्यावर केल्यासारखं. प्रथिन तेच, मोजणी बारीक हवी; 'एचएस' म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटी, ती हीच. पैसे पुन्हा भरले. भांडलो नाही, त्याची चुटपुट अजून आहे.

लग्नसराईत पंधरा दिवस गेले. मग दुसरा रिपोर्ट आला : १४.२.

रात्रभर डोळा लागला नाही. छातीत कळ आल्यासारखं वाटे, डावा हात दाबून दाबून दुखायला लागला. सकाळी बायकोला घेऊन दवाखाना गाठला. ईसीजी ठीक. "ताप, खोकला, लघवीला जळजळ?" मी सगळ्याला नाही म्हटलं. तेवढ्यात ही म्हणाली, "डॉक्टर, दहा दिवस झाले, हे कडक भाकरी आमटीत भिजवून खातायत. तीही एकाच बाजूनं."

सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी कुडुम करून न चावणं हेच लक्षण! अक्कलदाढेपाशी हिरडी टम्म सुजलेली. आकडा १० च्या वर गेला की तो हृदयाच्या खात्यात धरायचाच नाही. आधी जंतुसंसर्ग शोधायचा, बरं वाटल्यावर निदान दोन आठवडे थांबून पुन्हा तपासायचं. दाताच्या डॉक्टरांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली. मी मनानं त्या बंद करायला निघालो होतो.

तीन आठवड्यांनी लॅबमधल्या मुलीकडून चिठ्ठीवरचं 'एचएस' मोठ्यानं वाचून घेतलं. "वाचलं काका," ती वैतागून म्हणाली. आकडा आला २.४.

यावर गोळी काय, विचारलं. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं हाही आकडा उतरतो, ती चालूच आहे. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसती सूज कमी करणाऱ्या इंजेक्शननं हार्ट अटॅक कमी झाले, पण जंतुसंसर्गानं दगावणारे वाढले. मग गाऊट या सांधेदुखीवरच्या जुन्या कोल्चिसिनची बारी आली, ०.५ मिलिग्रॅम रोज. आमचे मामा अंगठा ठणकला की तीच घेतात! पण किडनी बरी नसेल तर ती अंगावर येते, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी.

उद्या सकाळी रक्त द्यायचंय. हिनं आत्तापासूनच विचारून घेतलंय, कुठं काही दुखत तर नाही ना.