ओ गटाची एकही पिशवी जुळेना

मागणीपत्रावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं होतं. बाईंचं हिमोग्लोबिन ६, गर्भाशयातून रक्तस्राव, ऑपरेशन ठरलेलं. हा गट आमच्या ब्लड बँकेत कायम असतो. पण क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त बाईंच्या रक्ताशी जुळतं का हे बघायला, लावलेली प्रत्येक पिशवी नापास झाली. ट्यूबमध्ये जाड गुठळ्या, मायक्रोस्कोपची गरजच नाही.

वॉर्डातून डॉक्टरांचा फोन: “ओची एक पिशवी मिळत नाही?”

सेल ग्रुपिंग (लाल पेशींवरून गट ठरवणं) पुन्हा केलं, ओच आलं. सिरम ग्रुपिंगमध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाच्या तपासणीत, मात्र त्यांच्या सिरमने ओ पेशीही घट्ट पकडल्या. ऑटो कंट्रोल (त्यांचंच सिरम, त्यांच्याच पेशी) स्वच्छ. एच असलेल्या पेशींच्या गुठळ्या करणारं अँटी-एच लेक्टिन घातलं, पेशी मोकळ्याच राहिल्या. म्हणजे हा ओ नव्हे, दुर्मीळ बॉम्बे गट.

लाल पेशींवरच्या ज्या खुणांवरून (अँटिजेन) गट ठरतो, त्यांतले ए आणि बी तयार होतात ते एच अँटिजेनवर. बाईंच्या पेशींवर तो एचच नव्हता, आणि सिरममध्ये त्याविरुद्ध अँटिबॉडी होती, शरीराच्या तापमानालाही तितकीच जोरदार. ओ पेशींवर एच सर्वांत जास्त असतो. म्हणजे एरवी ए, बी, एबी सगळ्यांना चालणाऱ्या ओच्या पेशी बाईंच्या अंगात गेल्या गेल्या फुटल्या असत्या. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत या गटाची नोंद केली. तरीही काही ठिकाणी अजून फक्त सेल ग्रुपिंग करून कार्डावर ‘ओ’ लिहून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो.

नातेवाइकांना विचारलं तेव्हा कळलं, आई-वडील आते-मामे भावंडं. हा गट यायला एच नसलेलं जनुक दोघांकडूनही यावं लागतं; म्हणून सख्ख्या भावंडांत हाच गट सापडण्याची शक्यता चारात एक. भाऊ रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने आला. त्याच्याही पेशींच्या लेक्टिनने गुठळ्या झाल्या नाहीत, आरएच पॉझिटिव्ह. क्रॉसमॅच जुळला. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून पिशवी इरॅडिएट करून (किरणोत्सर्ग देऊन) दिली.

निघताना तो बाजूला येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, माझं कार्ड ओ, बायकोचंही ओ, आणि मुलगी बी कशी?”

त्याला खुर्ची दिली आणि कागदावर काढून दाखवलं: बी चं जनुक त्याच्याकडे असणार, फक्त एच नसल्यामुळे ते त्याच्या रक्तात दिसत नाही. मुलीला आईकडून एच मिळाला आणि बी उघड झालं. बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला.

“हे सहीशिक्क्यानिशी लिहून द्याल? घरी दाखवायचंय.”

आमच्या डॉक्टरांनी लगेच लेटरहेड मागवलं.