तेरा कट्टे आन् वर दहा किलो

18 जुलै 2022, सोमवार. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मिलच्या शेडमध्ये बसून एकेक किलोच्या चारशे पिशव्या ब्लेडने फाडल्या आणि डाळ परत ताडपत्रीवर ओतली. डाळीत कीड नव्हती, ओल नव्हती, माल एक नंबर होता. तीन वर्षांच्या वर झालं, पण पाऊस लागून शेडमध्ये पॅकिंग सुरू झालं की तो दिवस आठवतेच.

माझी मिनी डाळ मिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं मॉडेल, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. बाहेरच्यांना वाटते वरून तूर टाकली की खालून डाळ पडते. तसं नसते भाऊ. तूर चाळा, खडे काढा, मग रोलवरून काढून सालाला ओरखडे पाडा, तेल मारा, ढीग लावून रात्रभर झाका, उन्हात वाळवा, परत रोल, मग पाणी मारा, परत झाका, परत वाळवा, तेव्हा कुठं दाण्याच्या दोन फाकी सरळ होतात. घाई केली की कनी म्हणजे तुकडा पडते नाहीतर न फुटलेले गोटे राहतात. आणि पाणी गोडं पाहिजे. आमच्या इकडच्या विहिरींचं पाणी इतकं खारं की 1930 साली दहीहंड्याला लोकांनी विहिरीच्याच पाण्यापासून मीठ करून इंग्रजांचा कायदा मोडला होता, आजोबा नेहमी सांगत. मी टाकी लावून दुसरीकडून पाणी आणतो. क्विंटलमागे सत्तर-बहात्तर किलो साफ डाळ निघाली की मी खुश, चुनी-फोतर ढोरांना.

पावसाळ्यात वाळवण बंद, म्हणून तो काळ पॅकिंगचा. त्या वर्षी पहिल्यांदाच हिंमत करून रंगीत पिशव्या छापल्या होत्या. पत्ता, वजन, तारीख, एमआरपी, तक्रारीसाठी फोन नंबर, सगळं नियमात. छापणारा म्हणे कमीतकमी पाच हजार घ्या, छपाईच्या सिलिंडरचा खर्च वेगळा. घेतल्या. चार बाया आठवडाभर भरत होत्या. काट्यावर आमची मावशी, सगळ्यात जुनी. इलेक्ट्रॉनिक काटा हजारवर आला तरी तिला समाधान नाही, वर चार दाणे टाकूनच पिशवी सीलवालीकडे सरकवणार.

आता टॅक्सचं. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा नियम असा होता की ब्रँड नोंदवलेला असेल तर पॅक डाळ-तांदळावर 5 टक्के, नाहीतर शून्य. मग काय, भल्याभल्यांनी ब्रँडवरचा हक्कच सोडून दिला, पिशवीवर खाली बारीक अक्षरात छापायचं की या नावावर आमचा काही दावा नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याही पिशवीवर ती ओळ होती, छापणाऱ्यानंच टाकून दिली, सगळेच टाकतात म्हणे. सरकारच्या ते लक्षात आलं आणि जून 2022 मध्ये जीएसटी कौन्सिलच्या चंदीगडच्या बैठकीत ठरलं की ब्रँड-बिंड काही पाहू नका, पॅक करून लेबल लावलं आणि 25 किलोपर्यंत आहे, तर 5 टक्के, 18 जुलैपासून. सुटी डाळ शून्य, 25 किलोच्या वरचा कट्टाही, म्हणजे पोतं, शून्य. अर्थमंत्र्यांनी नियम लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 14 वस्तूंची यादी ट्विट केली की हे सुटं घेतलं तर टॅक्स नाही.

ढीग एकच. त्यातली 30 किलो कट्ट्यात गेली तर गरिबाची डाळ, एक किलो पिशवीत गेली तर श्रीमंताची. हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण त्यानं गावातल्या किराणा दुकानात उभं राहून कधी पावशेर डाळ घेतली नसेल एवढं नक्की.

सोमवारी सकाळीच तालुक्याच्या शेठचा फोन. पिशव्या नको, 30 चे कट्टे दे. म्हटलं शेठ, माल तर मागच्या आठवड्यातच पॅक झाला. तो म्हणे तुझं तू पाय. सीएला फोन लावला. सीए लोकं रिटर्नच्या दिवसात फोन उचलतात हेच नशीब. तो म्हणाला पॅक कधी केलं त्याला काही अर्थ नाही, बिल कधी फाडलं ते पाहतात. वर हेही म्हणाला की 5 टक्के भरून विक ना, मग पिशव्यांवर आणि मशीनच्या सामानावर तू जो 18 टक्के देऊन बसला त्याचं क्रेडिट मिळते, म्हणजे तेवढा टॅक्स वळता होते, शून्यवाल्या मालात तो अंगावरच बसते. कागदावर एकदम बरोबर. पण शेजारच्या दुकानात सुटी डाळ किलोमागे पाच रुपये स्वस्त असली की शेठला माझं क्रेडिट घेऊन काय करायचं आहे? एमआरपी तर छापून बसलेली. मला किलोमागे सुटतात तीन-चार रुपये, पाच कुठून देऊ?

मग बाहेर धो धो पाऊस आणि आत आम्ही ब्लेड घेऊन बसलो.

मावशी काही वेळ नुसती पाहून राहिली होती. मग म्हणाली, "काहून फाडून राहिला बाबू? म्या त एकबी पिशवी कमी नाई भरली."

तिला वाटलं वजन कमी निघालं म्हणून माल परत आला. आठवडाभर हजारवर चार दाणे टाकणाऱ्या बाईला! मी तिला सगळं सांगितलं, कट्टा, पिशवी, लेबल, 25 किलो. तिनं नीट ऐकलं.

"म्हंजे टॅक्स दायले नाई, पिशवीले हाये."

"हो."

"पिशवी त तू इकत आनली. तिच्यावर देल्ला असन न तू टॅक्स?"

18 टक्के दिला होता. मी गप्प बसलो. सीएनं जे सांगायला मला दहा मिनिटं घेतली ते हिनं दोन वाक्यात काढलं.

सीएच्या ऑफिसात एक पगारदार माणूस भेटते, दरवेळी त्याचं एकच, आम्हीच टॅक्स भरतो आणि बाकीचा देश फुकट खातो. मावशीला रोज 250 रुपये. तेव्हा तिच्या अंगाच्या साबणावर 18, मोबाईलच्या रिचार्जवर 18, चहापत्तीवर 5. तिला टॅक्सपेयर म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. टॅक्सच नको असं म्हणणारा मी नाही, रेशनचं धान्य आणि मिलपर्यंतचा रस्ता काही आभाळातून पडला नाही. पण रोजच्या वस्तूवर टॅक्स वाढवला म्हणजे मला आणि मावशीला एकाच काट्यावर बसवलं. डाळ तर तिच्या घरी माझ्यापेक्षा जास्त लागते, खाणारे सात जण आहेत.

आणि सुटं घ्या हा सल्ला. सुटी डाळ मिळते कुठं? गावच्या दुकानात, तराजूवर. मावशीचं म्हणणं, "किलो म्हनते आन् पावनं देते." पिशवी तिला आवडायची कारण तिच्यात किलो म्हणजे किलो.

22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, दर बदलले. साबण, पेस्ट 18 वरून 5 वर आले, पॅक पनीर शून्य, पोळी-पराठा शून्य. डाळीची पिशवी 5 वरच. पोळीवर नाही आणि वरणावर आहे.

त्या संध्याकाळी तेरा कट्टे भरले आणि वर दहा किलो उरली. तेवढ्यात कट्टा होत नाही, म्हणून म्हटलं बायांनो घेऊन जा. बाकीच्यांनी पदरात, थैलीत घेतली. मावशी म्हणे मले पिशवीत दे, पोरीच्या घरी न्यायची हाये, चांगली दिसते. कोऱ्या छापील पिशव्या तर हजारोनं पडल्या होत्या. एक घेतली, तिनं स्वतः काट्यावर एक किलो भरली, वर चार दाणे टाकले, सील न मारता सुतळीनं तोंड बांधलं.

"आता याले लागते का टॅक्स?"

वजन किलोचं, लेबल छापलेलं, सील नाही. दुसऱ्या दिवशी सीएला विचारलं. तो हसला, म्हणाला पाहून सांगतो. अजून सांगितलं नाही.