दोन सेंटीमीटरवर अडकलेली रात्र

रात्रीचे अडीच. कळा कालपासून आहेत, झोप नाही, आणि तपासलं की उत्तर तेच: गर्भाशयाचं तोंड उघडलंय दोन सेंटीमीटर. दाराबाहेरून एकच प्रश्न, "अजून किती वेळ?"

ताशी एक सेंटीमीटर हा जुना हिशेब डोक्यातून जाता जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तो २०१८ मध्येच बाजूला ठेवला. सक्रिय प्रसूती पाच सेंटीमीटरपासून धरायची. त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नाही. बाळाचे ठोके चांगले आणि आईची तब्येत ठीक असेल तर नुसती दिरंगाई हे औषधाने कळा आणण्याचं कारण होत नाही. चालू द्यावं, पाणी पाजावं, दर दोन तासांनी लघवीला पाठवावं (भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं).

पण एक्केचाळीस आठवडे उलटले, कळांआधीच पाणी गेलं, रक्तदाब चढला, की थांबण्याचा हिशेब बदलतो. आणि तेव्हाही आधी पाहायचं ते तोंड किती उघडलं यापेक्षा हाताला कसं लागतं. नाकाच्या शेंड्यासारखं टणक म्हणजे कच्चं, ओठासारखं मऊ म्हणजे तयार. उघडणं, पातळ होणं, मऊपणा, तोंडाची दिशा आणि बाळाच्या डोक्याची उंची, या पाचांचे मिळून जास्तीत जास्त तेरा गुण. सहा किंवा कमी असताना थेट ऑक्सिटोसिनचं (कळा वाढवणारं औषध) सलाईन लावलं तर बाई दिवसभर कळा सोसते आणि तोंड जागचं हलत नाही.

म्हणून आधी तोंड मऊ करायचं. फोलीच्या नळीचा (लघवीसाठी घालतात ती) फुगा आत ठेवून ३० ते ६० मिली सलाईनने फुगवतात. तोंड तीनेक सेंटीमीटर उघडलं की तो आपसूक गळून पडतो. दुसरा मार्ग मिसोप्रोस्टॉल, गिळायला २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी. २०० ची गोळी ब्लेडने आठ तुकडे करून देणं मला कधीच पटलेलं नाही, एकही तुकडा दुसऱ्यासारखा येत नाही. २५ ची गोळी नसेल तर २०० ची गोळी २०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवावी, नीट ढवळावं आणि २५ मिली मोजून द्यावं. आधीचं सिझेरियन असेल तर हे औषध नकोच.

शेवटच्या मात्रेनंतर निदान चार तास गेल्याशिवाय ऑक्सिटोसिन नाही. सुरू केल्यावर हात पोटावर आणि नजर घड्याळावर. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर दोन कळांमध्ये बाळाला दम घ्यायला उसंतच राहत नाही. ठोके घसरले तर सलाईन आधी बंद, बाईला डाव्या कुशीवर, मग फोन.

पाण्याची पिशवी फोडायची तर डोकं खाली बसलेलं हवं, नाहीतर नाळ आधी बाहेर येऊ शकते. फोडल्यावर लगेच ठोके ऐकायचे, पाण्याचा रंग पाहायचा आणि वेळ कागदावर ठळक लिहायची. त्यानंतर ऑक्सिटोसिन चालू राहून निदान बारा तास झाल्याशिवाय, आई-बाळ ठीक असतील तर, "कळा आणणं फसलं" असा शेरा मारायचा नसतो. पहाटे पाळी बदलताना नेमकी तीच वेळ कुणाला आठवत नाही.