दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही

जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी स्वस्तातल्या यूएसबी ३.० केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीला जोडायच्या डबीत) बसवून लिनक्स मिंटच्या मशीनला जोडली. दिवा लागला, पण फाइल मॅनेजरमध्ये काहीच नाही. घरातल्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर तीच डिस्क निमूट उघडत होती. अशा वेळी 'फॉरमॅट मारून टाक' म्हणणारे हमखास भेटतात. डेटा हवा असेल तर त्यांचं मुळीच ऐकू नका.

टर्मिनलमध्ये डीमेसेज (लिनक्सच्या कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालू ठेवलं आणि डिस्क काढून परत लावली. 'न्यू सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ उमटली. ती आलीच नसती तर आधी केबल बदलली असती, कारण काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. फिरणारी हार्ड डिस्क असती तर विजेचाही संशय घेतला असता, यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअरच देतो, ३.० चा ९००.

एलएसयूएसबी ही आज्ञा जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवते, एलएसबीएलके डिस्क दाखवते. पहिलीच्या यादीत केसिंग होतं, दुसरीच्या यादीत डिस्क नव्हती. म्हणजे घोडं मध्येच कुठेतरी, ड्रायव्हरपाशी (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी) अडलेलं. डीमेसेजकडे बघत बसलो. अर्ध्या मिनिटाने 'यूएएस' (यूएसबी डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) ने सुरू होणाऱ्या अबॉर्टच्या, म्हणजे आज्ञा अर्धवट सोडल्याच्या ओळी, मग 'रिसेट', पुन्हा तेच. एलएसयूएसबीला टी हा पर्याय दिल्यावर ड्रायव्हरसमोर 'यूएएस' च दिसलं.

यूएएसमध्ये डिस्ककडे एकाच वेळी अनेक आज्ञा जातात. 'यूएसबी-स्टोरेज' या जुन्या पद्धतीत एका वेळी एकच. केसिंगमधली चिप 'मला जमतं' म्हणते आणि मग गडबडते. विंडोजमध्ये यूएएस आलं ते विंडोज ८ पासून, त्यामुळे विंडोज ७ वर हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

मग एलएसयूएसबीतून केसिंगचा आयडी घेतला. कोलनच्या अलीकडे चार अक्षरं, पलीकडे चार. ड्रायव्हरच्या सेटिंग्ज ठेवतात त्या मॉडप्रोब-डी फोल्डरात एक कॉन्फ फाइल केली. तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स', मग 'यूएसबी-स्टोरेज', मग 'क्वर्क्स', बरोबरचं चिन्ह, तो आयडी, कोलन आणि 'यू'. या 'यू' मुळे तेवढ्या केसिंगपुरतं यूएएस बंद होतं, बाकीच्या उपकरणांना धक्का लागत नाही. इनिट-रॅम-एफएस (मशीन सुरू होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं.

आता ड्रायव्हर 'यूएसबी-स्टोरेज' आणि डिस्क एसडीबी या लिनक्सने दिलेल्या नावाने हजर. बारक्या फाइली कॉपी करताना वेग मार खातो. बॅकअपला चालतं, त्यावरून सिस्टिम चालवायची असती तर सरळ दुसरं केसिंग आणलं असतं.