आणखी भाग जातो का?

अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप देताना मुलांना भाग देणं जड जात नाही, जड जातं ते थांबणं. भाग देता येतो तोवर देत राहायचं हे सगळ्यांना पाठ असतं. पण आता आणखी कशानेच भाग जाणार नाही हे खात्रीने कसं सांगायचं, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतच नाही. सातवीला गणित शिकवताना मला हे दरवर्षी दिसतं. मुलं दोन, तीन आणि पाचच्या कसोट्या लावतात, त्या लागू पडल्या नाहीत की उत्तराखाली रेघ मारतात.

त्या दिवशी फळ्यावर 182/238 होतं. दोनने भाग देऊन सगळे 91/119 पर्यंत आले आणि अर्ध्या वर्गाने पेन खाली ठेवलं. “बाई, झालं,” पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला. “दोन नाही, तीन नाही, पाच नाही.” दुसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की 91 ही मूळ संख्याच आहे. (हा समज फार चिवट आहे. 91 कुठल्याच ओळखीच्या पाढ्यात पटकन सापडत नाही, म्हणून ती मूळ वाटते.) मग मागून आवाज आला, “सातने जातो!” आणि खरंच जातो. 91 म्हणजे सात गुणिले 13, 119 म्हणजे सात गुणिले 17. उत्तर 13/17.

उत्तर बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. सात कसा सुचला असं विचारलं, तर तो म्हणाला, “असंच करून बघितलं.” मी वर्गाला विचारलं, “सातने गेला नसता तर पुढे काय तपासलं असतं? अकरा, तेरा, सतरा, एकोणीस? आणि कुठवर?” मला खरं तर मसाविकडे, म्हणजे दोन्ही संख्यांना भाग जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येकडे यायचं होतं. मुलांना मसावि काढता येतो, पण तो वेगळ्या धड्यातला, इथे तो कामाला येतो हे त्यांच्या डोक्यात जोडलं गेलेलं नसतं.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “बाई, 28 मध्ये बघायचं.”

28 आले कुठून, ते कोणालाच कळेना. मी तिची वही पाहिली. तिने एकाखाली एक दोन रेघा आखल्या होत्या, डावीकडची टोकं जुळवून. आखूड रेघेवर 91 लिहिलं होतं, लांब रेघेवर 119, आणि लांब रेघेचा जो तुकडा पुढे आला होता त्यावर 28. तिला फळ्यावर बोलावलं. तिने पुन्हा तशाच रेघा काढल्या आणि सांगितलं, “एखाद्या संख्येने दोघांना भाग जातो म्हणजे या रेघेचे तेवढे-तेवढे तुकडे पडतात आणि या रेघेचेही पडतात. मग हा जास्तीचा तुकडा आहे, त्याचेही तसेच पडायला पाहिजेत. नाहीतर लांब रेघेचे पडले कसे?”

वर्ग गप्प झाला. मीही काही बोलले नाही, कारण त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही संख्यांना ज्याने भाग जातो, त्याने त्यांच्या फरकालाही जातो. 28 चे मूळ अवयव फक्त 2 आणि 7. म्हणजे अकरा, तेरा, सतरा यांच्या वाटेला जायचंच नाही. 91 विषम, तेव्हा दोन बाद. उरला एकटा सात.

मी लगेच 391/527 लिहिलं. याच्यासमोर नेहमीच्या कसोट्या सगळ्या हात टेकतात. फरक 136, म्हणजे आठ गुणिले सतरा. 391 विषम, म्हणून दोन पुन्हा बाद. तपासायला एकच संख्या उरली, सतरा. सतरा गुणिले 23 म्हणजे 391, सतरा गुणिले 31 म्हणजे 527. उत्तर 23/31. आणि मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. कोणीही न सांगता चार-पाच जणांनी 31 मधून 23 वजा केले, आठ आले, दोन्ही संख्या विषम आहेत हे पाहिलं आणि म्हणाले, “आता संपलं.” हे “संपलं” आणि तासाच्या सुरुवातीचं “झालं” यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. या वेळी त्यामागे कारण होतं.

एक घोटाळा मात्र लगेच झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एकाने 91/119 मध्ये अंशातून आणि छेदातून 28 वजा करून 63/91 लिहिलं, त्याचं 9/13 केलं आणि हेही चालेल का असं विचारलं. तिरकस गुणाकार करून पाहिला: 9 गुणिले 17 म्हणजे 153, 13 गुणिले 13 म्हणजे 169. दोन्ही अपूर्णांक वेगळे. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागलं तर किंमत तीच राहते, दोन्हींतून एकच संख्या वजा केली तर राहत नाही. वजाबाकी ही विभाजक शोधण्यापुरती. अपूर्णांक बदलायचा तो भाग देऊनच. हे वाक्य मी सगळ्यांकडून वहीत लिहून घेतलं.

“पण बाई, फरकच मोठा आला तर?” हा प्रश्नही मुलांकडूनच आला. 119/1003 घेतलं. फरक 884, त्याचे अवयव पाडत कोण बसणार? ती मुलगी म्हणाली, “मग आणखी वजा करायचे. लांब रेघेतून आखूड रेघ पुन्हा पुन्हा काढायची.” 1003 मधून 119 आठ वेळा काढले की 51 उरतात. 51 चे अवयव 3 आणि 17. 119 च्या अंकांची बेरीज अकरा, म्हणून तीनने जात नाही. सतराने जातो. उत्तर 7/59.

इथे मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की तुम्ही आता जे केलंत ते युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागाच्या सुरुवातीलाच आहे, आणि तो ग्रंथ इसवी सनापूर्वी सुमारे 300 चा. मोठ्या संख्येतून लहान वजा करत राहायचं, शेवटी एक उरला तर दोन्ही संख्या सहमूळ, म्हणजे एकाखेरीज त्यांना सामाईक विभाजक नाही. आपल्या आर्यभटाने इ. स. 499 मध्ये कुट्टकाची, म्हणजे समीकरणांची पूर्णांकातली उत्तरं शोधण्याची रीत दिली, तीही अशाच एकामागून एक केलेल्या भागाकारांवर उभी आहे. आणि ‘गणितकलेची नऊ प्रकरणे’ या प्राचीन चिनी ग्रंथात तर अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देण्याचीच रीत म्हणून ही सांगितली आहे: अंश-छेद दोन्ही निम्मे होत असतील तर करा, नाहीतर मोठ्यातून लहान वजा करत जा, दोन्हीकडे सारखी संख्या आली की तिने भाग द्या. त्यातलं एक उदाहरण आहे 49/91. मुलांनी ते तिथल्या तिथे सोडवलं. 91 वजा 49 बेचाळीस, 49 वजा 42 सात, मग 42 मधून सात-सात काढत शेवटी दोन्हीकडे सात. उत्तर 7/13. इतक्या जुन्या ग्रंथातलं गणित आपल्या रीतीने सुटलं, म्हणून त्या मुलीचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

गुणोत्तरांना मग फार वेळ लागला नाही. 45 मिनिटं आणि 2 तास यांचं गुणोत्तर विचारलं, एकाने घाईत 45:2 म्हटलं, दुसऱ्यांनीच एकक सारखं करायला लावलं. 45:120 म्हणजे 3:8.

तास संपायला थोडा वेळ होता, म्हणून तीन संख्यांचं गुणोत्तर दिलं: 42:70:105. फरक 28 आणि 35, दोन्हींत सामाईक फक्त सात. भाग दिला, 6:10:15 आलं. आणि वाद पेटला. “6 आणि 10 ला दोनने जातो!” “10 आणि 15 ला पाचने!” “6 आणि 15 ला तीनने! मग हे संपलं कसं?” कोणीतरी दोनने भाग देऊन 3:5 लिहिलं आणि 15 वर येऊन अडकला. कुठल्याही दोन संख्या घ्या, सामाईक विभाजक आहे. तिन्हींना मिळून मात्र एकाखेरीज कुठलाच नाही. म्हणून हे गुणोत्तर अतिसंक्षिप्तच.

असं आणखी एक गुणोत्तर शोधून आणा, एवढाच गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी बऱ्याच वह्यांत 10:14:35 होतं. एकाने ते बनवायची रीतही लिहून आणली होती: तीन मूळ संख्या घ्या आणि त्यांचे दोन-दोनचे गुणाकार करा.