गोळाफेक : फिरकीत पाय कुठे चुकतो

स्मरणिकेत आठवणी बाकीचे लिहितीलच. शाळेच्या मैदानावर जी मुलं आज फिरकीने गोळा टाकायला शिकतायत, त्यांच्या कामाचं चार ओळी लिहावं म्हटलं.

१९७६ साली अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने फिरकीने २२ मीटर टाकून विश्वविक्रम केला आणि हे तंत्र लोकांनी मनावर घेतलं. रायन क्राउझरचा २०२३ मधला २३.५६ मीटरचा विक्रमही फिरकीचाच. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात ग्लाइडपेक्षा (पाठ फेकीकडे ठेवून सरळ मागे सरकत टाकण्यापेक्षा) फिरताना गोळ्याला वेग घ्यायला लांब रस्ता मिळतो. तोल घालवायलाही मिळतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

उजव्या हाताने टाकणाऱ्याचं पाहू. वर्तुळ म्हणजे घड्याळ समजा, फेकीची दिशा बारा. सुरुवात सहावर, पाठ फेकीकडे. निम्म्या फेकी इथेच वाया जातात, कारण मुलं घाई करतात. आधी वजन पूर्ण डाव्या चवड्यावर घ्या, मग डावा गुडघा आणि डावा हात एकत्र फिरवा. वजन यायच्या आत खांदा आत झुकला, की माणूस वर्तुळाच्या मध्याकडे न जाता बाजूला कलंडतो. उजवा पाय बाहेरून मोठा वळसा घेऊन मध्याकडे जातो. इथे उडी उंच नको, सपाट हवी.

उजवा पाय मध्यावर चवड्यावर टेकतो आणि टेकल्यावरही फिरतच राहतो. टाच खाली आली की कंबर थांबते, मग उरतं ते फक्त हाताचं ढकलणं. त्यामागोमाग डावा पाय स्टॉप बोर्डजवळ (वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या पट्टीजवळ), साधारण अकरावर, झटकन टेकायला हवा. तो उशिरा आला तर छाती आधीच उघडलेली असते. कंबर पुढे आणि खांदे मागे हा पीळच उरत नाही. गोळा सारखा डावीकडे सेक्टरबाहेर (गोळा पडायला हवा त्या आखलेल्या पट्ट्याबाहेर) जात असेल तर फेकताना डावा पाय-खांदा घट्ट थांबतो का ते बघा, थांबायला हवा.

एक जुजबी उपाय : वर्तुळाच्या मधून मागून पुढे खडूची रेघ मारा. गोळ्याशिवाय पूर्ण फिरकी घ्या आणि जागच्या जागी थिजा. उजवा चवडा रेघेवर, डावा रेघेच्या किंचित डावीकडे असेल तर ठीक. सलग पाच वेळा जमलं की गोळा घ्या, तोही नेहमीपेक्षा हलका. एका सरावात जागेवरून दहा, अर्ध्या वळणाने दहा आणि पूर्ण फिरकीने सहाच फेकी. थकल्यावर पाय चुकीचंच शिकतात.

गोळा मानेपासून सुटत असेल तर कोपर खाली पडतंय. मानेला थोडी मॅग्नेशियम पावडर चालते, हातमोजे चालत नाहीत. बोर्डाच्या आतल्या बाजूला पाय लागला तर हरकत नाही, वरच्या बाजूला लागला की फाउल. आणि गोळा जमिनीवर पडेपर्यंत आतच थांबा. बाहेर पडायचं ते मागच्या अर्ध्यातून.